ताज्या माशाचा मान राखणारी म्यूस्कादे

फ्रान्समधल्या नांत शहरात कालवांसोबत कोणती वाइन, असं कुणी विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं: म्यूस्कादे. मी मालवणची, आता या शहरात राहते. माशाच्या बाबतीत माझी मतं पक्की आहेत. ही कोरडी, हलकी पांढरी वाइन पुष्कळांना किरकोळ वाटते. मला ती मोलाची वाटते, कारण माशाची चव झाकण्याऐवजी ती खुलवते.

ल्वार नदी अटलांटिकला मिळण्याच्या थोडं अलीकडे नांत वसलं आहे. शहराच्या आग्नेयेला सेव्र आणि मेन या नद्यांच्या परिसरात द्राक्षमळे पसरले आहेत. द्राक्षाची जात मेलों द बूर्गोन्य, मूळची पूर्वेकडच्या बूर्गोन्य प्रांतातली. सतराव्या शतकात डच व्यापारी ब्रँडी बनवण्यासाठी इथली पांढरी वाइन नेत. पुढे १७०९च्या भयंकर हिवाळ्यात इथल्या वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या. नवी लागवड करताना शेतकऱ्यांनी थंडीला चिवट असलेल्या मेलोंवर भर दिला. तरी तिला लवकर फुटवे येतात, त्यामुळे एप्रिलच्या दहिवराची धास्ती आजही असते. २०२१ साली त्याने इथे मोठं नुकसान केलं.

मेलोंच्या रसाला स्वतःचा वास बेताचाच. चव घडते ती हिवाळ्यात. रस आंबून झाला की यीस्ट मरून टाकीच्या तळाशी बसतं. बहुतेक वाइन या गाळावरून काढून घेतात, पण इथली उत्तम म्यूस्कादे वसंतापर्यंत त्यावरच ठेवतात आणि तिथूनच बाटलीत भरतात. या पद्धतीला ‘सुर ली’ म्हणतात. यीस्टच्या पेशी विरघळत जातात, तसा वाइनला गोलावा येतो. आत थोडा कार्बन डायऑक्साइड राहतो, म्हणून जिभेवर हलकी चुणचुण जाणवते. क्लिसों आणि गोर्ज या गावांच्या नावाने २०११पासून मान्यता मिळालेल्या वाइन तर किमान दोन वर्षं गाळावर असतात. क्लिसोंची जमीन ग्रॅनाइटची, गोर्जची गॅब्रोची. या बाटल्या कितीतरी वर्षं टिकतात.

आता ताटाकडे वळू. कच्च्या कालवांवर लिंबू जे काम करतं, तेच या वाइनचा आंबटपणा करतो. शिंपल्या तर इथे बारीक कांदा घालून म्यूस्कादेतच उकडतात. ल्वारच्या माशावर ‘बर ब्लाँ’ घालतात: बारीक कांदा, व्हिनेगर आणि वाइन आटवून त्यात थंड लोणी घोटून केलेला हा सॉस नांत परिसराची शान आहे. लोण्याचा जडपणा म्यूस्कादे सहज उतरवते. माशाबरोबर लाल वाइन घेतली तर पुष्कळदा तोंडात वशाट चव राहते. तिच्यातलं लोह माशातल्या चरबीशी भिडतं, हे त्याचं एक कारण.

आमच्या तिखट तिरफळाच्या कालवणाबरोबर मात्र मी ही वाइन देत नाही. मद्यार्कामुळे तिखट जास्त झोंबतं आणि वाइनची नाजूक चव हरवते. तिसऱ्या कराव्यात, पण मिरची बेताची आणि ओलं खोबरं सढळ. मग बाटली आठ ते दहा अंशांवर थंड करून उघडावी. लेबलवर ‘सेव्र ए मेन’ आणि ‘सुर ली’ असल्याची खात्री करून घ्यावी. फ्रान्समध्ये ती महाग पडत नाही. उरलेले पैसे ताज्या माशावर खर्च करावेत, कारण शिळ्या मासळीला कोणतीही वाइन वाचवू शकत नाही.