चार अक्षरांपुरती मोकळी जागा

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये कुणी एक लेखनिक पपायरसवर मजकूर उतरवत होता. मजकूर यहुद्यांच्या धर्मशास्त्रातला, 'अनुवाद' या पुस्तकाचा. भाषा आणि लिपी ग्रीक. ओळीमागून ओळ नेटकी चालली होती. मध्येच एका शब्दाशी आला की तो हात आवरायचा, थोडी जागा कोरी सोडायचा आणि पुढचं लिहू लागायचा. मागाहून दुसऱ्या कुणीतरी त्या कोऱ्या जागांमध्ये चार अक्षरं भरली. तीही ग्रीक नाहीत, हिब्रू. जागा जरा ऐसपैस सुटली होती, त्यामुळे ती अक्षरं आजूबाजूच्या दाटीत वेगळी उभी दिसतात. या पपायरसचे तुकडे उरले आहेत. अभ्यासक त्यांना 'पपायरस फुआद २६६' म्हणतात. त्यांचं छायाचित्र पाहताना मला दर वेळी त्या पहिल्या लेखनिकाचा थबकलेला हात दिसतो.

योद, हे, वाव, हे. ती चार अक्षरं म्हणजे देवाचं नाव. हिब्रू बायबलमध्ये ते सुमारे ६,८०० वेळा येतं, आणि तरीही त्याचा मूळ उच्चार आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

याचं अर्धं कारण लिपीत आहे. प्राचीन हिब्रूत मुख्यतः व्यंजनंच लिहीत. स्वर वाचणाऱ्याने आपल्या आठवणीतून घालायचे. आपण काना, मात्रा, वेलांटी सगळं गाळून लिहू लागलो तर कमल, कोमल आणि कमाल एकसारखेच दिसतील. तरीही वाक्यात कुठला शब्द आहे हे आपल्याला कळेल, कारण तो कानावरून गेलेला असतो. पण जो शब्द कुणी उच्चारतच नाही, तो कानाला कुठून कळणार?

उरलेलं अर्धं कारण म्हणजे भय आणि प्रेम. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही दहा आज्ञांपैकी एक. या आज्ञेभोवती यहुद्यांनी इतकं उंच कुंपण घातलं की ते नाव रोजच्या बोलण्यातून निघूनच गेलं. शेवटी शेवटी जेरुसलेमच्या मंदिरात, वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक ते उच्चारी आणि ऐकणारे लोक जमिनीवर पालथे पडत. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं. मग वाचताना ती चार अक्षरं आली की 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असं म्हणायचं, हीच रीत कायम झाली. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेल्या 'शमा' या प्रार्थनेतही त्या नावाच्या जागी 'अदोनाय'च ऐकू येतं.

पुढे हिब्रू पाठ जपणाऱ्या पंडितांनी अक्षरांना स्वरचिन्हं जोडली, तेव्हा या चार अक्षरांना 'अदोनाय'चे स्वर दिले, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. लिहिलंय एक, वाचायचंय दुसरं, अशी ती खूण होती. युरोपातल्या ख्रिस्ती वाचकांनी एकाची व्यंजनं आणि दुसऱ्याचे स्वर एकत्रच वाचले. त्यातून 'यहोवा' हे रूप तयार झालं. बहुतेक अभ्यासकांना 'याहवे' हा उच्चार मुळाच्या जवळचा वाटतो. गंमत म्हणजे काही ग्रीक वाचकांनी तर ती हिब्रू अक्षरं आपली समजून डावीकडून उजवीकडे 'पिपी' अशी वाचली. चौथ्या शतकात संत जेरोम यांनी हे लिहून ठेवलं आहे.

आणि अर्थ? बायबलमधल्या गोष्टीत न जळणाऱ्या जळत्या झुडुपापुढे मोशे या संदेष्ट्याने देवाला नाव विचारलं. उत्तरात त्याला 'असणे' या धातूचं रूप ऐकू आलं, आणि हिब्रूत ते 'मी आहे' असंही वाचता येतं, 'मी असेन' असंही. विचारलं होतं नाम, मिळालं क्रियापद! नाव कळलं की माणूस ओळखीच्या चौकटीत बसतो. हे नाव मात्र कुठल्याच चौकटीत बसत नाही. ते फक्त 'आहे' म्हणतं, आणि पुढेही सोबत असण्याचा शब्द देतं.

इथून ख्रिस्ती श्रद्धेची वाट वेगळी होते, आणि मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी धर्मशास्त्र बहुतांशी ग्रीकमध्ये वाचलं. तिथे त्या नावाच्या जागी 'किरिओस', म्हणजे प्रभू, असं वाचायची सवय होती. प्रेषित पौलाने तोच शब्द येशूला लावला. प्रभूचं नाव घेऊन जो धावा करील तो तरेल, हे योएल संदेष्ट्याचं वचन देवाच्या त्या चार अक्षरी नावाबद्दल होतं. रोमकरांस पत्रात पौल ते येशूबद्दल वापरतो. एका यहुदी माणसाने असं लिहावं, ही केवढी उडी! ख्रिस्ती लेखनिकांनी मग स्वतःची रीत पाडली. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द ते आखूड करून लिहीत, बहुधा पहिलं आणि शेवटचं अक्षर तेवढं, आणि वर एक आडवी रेघ ओढत. मराठी डोळ्याला ती थेट शिरोरेषाच वाटते. कोरी जागा गेली, पण नावापाशी हात थबकण्याची सवय गेली नाही.

खुद्द 'येशू' हे नावही त्या चार अक्षरांशी बांधलेलं आहे. हिब्रूत ते 'येशुआ', 'यहोशवा'चं आखूड रूप. अर्थ, 'याहवे तारण करतो'. पहिल्या शतकातल्या गल्लीबोळात हे अगदी नेहमीचं नाव होतं, आई अंगणातून हाक मारील असं. जे नाव उच्चारायला महायाजकाला वर्षभर थांबावं लागे, त्याचा एक अंश नाझरेथच्या सुताराच्या घरात दिवसभर पुकारला जात होता. ग्रीकमध्ये 'श' नाही, म्हणून तिथे 'इएसूस' झालं, त्यावरून लॅटिन, मग पोर्तुगीज, आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात 'जेजू'. मराठीतला 'येशू' मात्र तो हिब्रू 'श' आजही धरून आहे.

दुसरा अंश जगभर गायला जातो. 'हालेलुया' हे मूळ हिब्रू आहे: 'हालेलु' म्हणजे स्तुती करा, आणि शेवटचा 'या' म्हणजे त्या नावाचंच लहान रूप. मराठी बायबलात ती चार अक्षरं 'परमेश्वर' या शब्दामागे आहेत. २००८ मध्ये व्हॅटिकनने कॅथलिक उपासनेत 'याहवे' उच्चारू नये, अशी सूचनाही दिली. पण 'हालेलुया' तसंच राहिलं. गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की आपण या क्षणी ते नाव घेत आहोत?

वर्षातून एकदा तेही थांबतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कॅथलिक चर्चमध्ये हा शब्द गात नाहीत. आठवड्यामागून आठवडे मिस्सा, म्हणजे उपासना, होते, गाणी होतात, तो एक शब्द तेवढा नसतो. मग ईस्टरच्या आदल्या रात्री, अंधारात मेणबत्त्या पेटल्यावर, शुभवर्तमान वाचण्याआधी धर्मगुरू तो पुन्हा गातात. एकदा. लोक तसाच परत गातात. मग दुसऱ्यांदा, एक सूर वर. आणि तिसऱ्यांदा, त्याहूनही वर.