मध्यस्थीचा मान, निर्णयाला मनाई

मणिपूरच्या उखरुल भागात राहणाऱ्या तांगखुल नागांमध्ये पूर्वी 'पुखरेला' असायची. एका गावात जन्मलेली आणि दुसऱ्या गावात दिलेली स्त्री. दोन गावांत लढाई जुंपली की ती दोन्ही फळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राही आणि तिच्यावर भाला उगारायची कुणाची छाती होत नसे. तिला इजा करणं म्हणजे तिच्या माहेराशी आणि सासराशी एकदमच वैर घेणं. पडलेल्यांचे मृतदेह ती ज्याचे त्याच्याकडे पोचते करी. तिच्यामुळे लढाई थांबे, पण लढायचं की नाही हे जिथे ठरायचं त्या बैठकीत तिला जागा नव्हती.

नागा स्त्रियांच्या गेल्या चाळीस वर्षांच्या सार्वजनिक कामाचा मागोवा घेताना ही जुनी प्रथा पुन्हा पुन्हा आठवत राहते. सशस्त्र गटांच्या छावण्यांपर्यंत ज्यांना वाट मोकळी होती, त्याच स्त्रियांना गावातल्या नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभं राहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. हे कसं घडलं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

१४ फेब्रुवारी १९८४ रोजी कोहिमात 'नागा मदर्स असोसिएशन' स्थापन झाली. सानो वामुझो तिच्या पहिल्या अध्यक्ष. तेव्हा समोर प्रश्न होता तो घरातला: दारू, आणि तिच्या मागोमाग आलेलं हेरॉइन. म्यानमारची सरहद्द लागूनच. तिथून येणारी 'नंबर फोर' पूड आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळ्या यांनी पोरं हातची जात होती. या बायकांनी दारूबंदीची मागणी लावून धरली, चर्चही त्यांच्या बाजूनं उभं राहिलं आणि १९८९ साली राज्यात संपूर्ण दारूबंदीचा कायदा झाला. त्या कायद्यानं दारू थांबली असं कुणीच म्हणणार नाही. व्यसनमुक्तीचं काम मात्र खरं उभं राहिलं आणि त्यात मुंबईचाही हात होता. फादर जो परेरा यांनी वांद्र्यात सुरू केलेल्या 'कृपा फाउंडेशन'च्या मदतीनं या संघटनेनं कोहिमात 'माउंट गिलियड होम' हे केंद्र चालवलं. व्यसनी मुलाला घरचे दाराबाहेर काढत होते, चर्चमधले लोक त्याला टाळत होते, अशा काळात या आयांनी त्याला आत घेतलं. पुढे त्यांच्या शब्दाला जे वजन आलं, त्याची सुरुवात इथे आहे.

महाराष्ट्राशी आणखी एक धागा जुळतो आणि तो याहून जुना आहे. डहाणूत जन्मलेले नटवर ठक्कर काका कालेलकरांच्या प्रेरणेनं १९५५ साली नागा डोंगरात गेले, मोकोकचुंग भागातल्या चुचुयिमलांग गावी आश्रम काढून राहिले आणि २०१८ साली निधन होईपर्यंत त्या मातीचेच झाले. त्यांच्या पत्नी लेंतिना या आओ जमातीच्या. नटवरभाईंचं नाव आपल्याकडे थोडंफार ठाऊक आहे. लेंतिनाबाईंचं नाव मात्र २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाच अनेकांच्या कानावर पडलं. गावातली बाई आश्रम चालवते, पोरींना शिकवते, दोन्ही बाजूंच्या बंदुकांच्या मध्ये टिकून राहते, हे त्या डोंगरांनी मदर्स असोसिएशनच्या कितीतरी आधी पाहिलं होतं.

बंदुकांचा इतिहास इथे थोडक्यात सांगायला हवा. १४ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे भारताच्या स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, नागा नॅशनल कौन्सिलनं आपलं वेगळं स्वातंत्र्य जाहीर केलं. मग कौन्सिलचे नेते फिझो यांचं बंड, लष्कर, १९५८ चा सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा, १९६३ साली नागालँड राज्य, १९६४ साली जयप्रकाश नारायण, बिमलाप्रसाद चालिहा आणि रेव्हरंड मायकल स्कॉट यांचं शांतता मंडळ, १९७५ चा शिलाँग करार. तो करार न मानणाऱ्यांनी १९८० साली नॅशनल सोशालिस्ट कौन्सिल ऑफ नागालँड उभी केली आणि १९८८ साली तिचीही इसाक-मुइवा आणि खापलांग अशी शकलं झाली. त्यानंतरची दहा वर्षं सर्वांत वाईट. लष्कराची भीती होतीच, त्यात नागांनीच नागांना भर रस्त्यात मारायला सुरुवात केली.

अशा मृत्यूंत एक वेगळी क्रूरता असते. मेलेला माणूस कोणत्या गटाचा हे कळल्यावर त्याच्यासाठी उघड रडणंसुद्धा धोक्याचं ठरतं. प्रेत न्यायला कुणी येत नाही. मदर्स असोसिएशनच्या स्त्रिया अशा बेवारस प्रेतांवर नागा शाल पांघरत आणि मातीला उभ्या राहत. नागांमध्ये शाल म्हणजे माणसाची ओळख: कोणती जमात, कोणता मान, हे तिच्यावरच्या पट्ट्यांवरून कळतं. गटानं नाकारलेल्या मुलाला त्याच्या समाजात परत घेण्याचं काम ती शाल करत होती. ठराव, निवेदनं, पत्रकं यांपेक्षा या एका कृतीचा परिणाम मोठा झाला असं मला वाटतं, कारण हा तुमचा आणि तो आमचा, ही विभागणीच त्या स्त्रियांनी सर्वांसमोर नाकारली.

१९९४ साली नेइदोनुओ अंगामी यांच्या पुढाकारानं 'आता आणखी रक्त नको' ही मोहीम सुरू झाली. या बायका गटागटाच्या छावण्यांवर गेल्या. एका गटाशी बोलायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, मग त्याच्या शत्रूकडे जायचं. १९९९ साली इतर नागा संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर त्या म्यानमारच्या जंगलात पायी गेल्या आणि खापलांगना भेटल्या. मणिपुरातल्या नागा विमेन्स युनियनचीही या कामात साथ होती. १ ऑगस्ट १९९७ पासून केंद्र सरकार आणि इसाक-मुइवा गट यांच्यात युद्धबंदी लागू झाली. तिच्याआधी ज्या नागरी गटांनी दोन्हीकडे बोलणं चालू ठेवलं होतं त्यांत या आया होत्या. नेइदोनुओंना २००० साली पद्मश्री मिळाली.

त्यांना कुणी अडवलं का नाही? त्या आई म्हणून गेल्या होत्या. बंडखोराला आईपुढे बंदूक खाली ठेवण्यात कमीपणा वाटत नाही, लष्करी अधिकाऱ्यालाही आईची विनंती ऐकण्यात माघार वाटत नाही. आईला सत्ता नको आहे, तिला लेकरू हवं आहे, अशी दोन्हीकडच्या पुरुषांची खात्री असते. या खात्रीचा त्या स्त्रियांनी विचारपूर्वक उपयोग केला, आणि त्यामुळे माणसं वाचली. मणिपुरात हातात मशाली घेऊन रात्रीची गस्त घालणाऱ्या मैतेई 'मैरा पैबी' स्त्रियांनीही तेच बळ वापरलं.

त्या फक्त आपल्याच पोरांना समजावत होत्या असं मात्र नाही. मणिपुरातल्या ओइनाम परिसरात १९८७ साली निमलष्करी कारवाईत झालेल्या अत्याचारांची दाद मागण्यासाठी 'नागा पीपल्स मूव्हमेंट फॉर ह्यूमन राइट्स' उच्च न्यायालयात गेली, तेव्हा गावच्या बायकांनी तिथे साक्षी दिल्या. ५ मार्च १९९५ रोजी कोहिमात लष्करी ताफ्यातल्या गाडीचं टायर फुटलं, तो बॉम्ब समजून जवानांनी गोळीबार केला आणि सात नागरिक मेले. ४ डिसेंबर २०२१ रोजी मोन जिल्ह्यातल्या ओटिंगजवळ कोळसा खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या विशेष पथकानं गोळ्या झाडल्या. त्या रात्रीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या हिंसेत मिळून १४ गावकरी गेले. राज्याच्या तपास पथकानं ३० लष्करी जवान आणि अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्रानं खटल्याला मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई बंद केली. विशेषाधिकार कायदा मागे घ्या, ही मदर्स असोसिएशनची मागणी जुनी आहे आणि ओटिंगनंतर ती पुन्हा जोरानं मांडली गेली. या मागणीत सारा नागा समाज एक होता. विधानसभेनंही एकमुखानं ठराव केला.

हीच एकी स्त्रियांच्या जागांचा प्रश्न आला तेव्हा कुठे गेली?

७४ व्या घटनादुरुस्तीनं देशभरच्या नगरपालिकांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव केल्या. पंचायतींचा भाग नागालँडला लागू नाही, नगरपालिकांचा आहे. राज्यानं २००१ साली नगरपालिका कायदा केला, २००६ साली त्यात ३३ टक्क्यांची तरतूद घातली आणि मग निवडणुकाच टाळल्या. आधीची निवडणूक २००४ ची. २०११ साली मदर्स असोसिएशन आणि तिच्या भोवती जमलेली संयुक्त कृती समिती गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठात गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये निकाल बाजूनं लागला, जुलै २०१२ मध्ये द्विसदस्य पीठानं तो फिरवला. त्याच वर्षी विधानसभेनं ठराव केला की घटनेतली ही तरतूद नागालँडला नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. रोझमेरी द्झुविचू या इंग्रजीच्या प्राध्यापिका या लढ्याचा आवाज झाल्या.

विरोधकांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. घटनेचा ३७१-अ हा अनुच्छेद नागांच्या धार्मिक-सामाजिक चालीरीतींना, रूढीच्या कायद्याला आणि जमिनीच्या मालकीला संरक्षण देतो. राज्याच्या विधानसभेनं मान्य केल्याशिवाय संसदेचा कायदा त्या बाबतींत लागू होत नाही. लष्कराचा विशेषाधिकार ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांना दिल्लीकडून येणाऱ्या प्रत्येक कायद्याचा संशय यावा यात नवल नाही, आणि एक फट पडली तर जमिनीचं संरक्षणही जाईल ही भीती खरी होती. पण स्त्रियांनी विचारलेला प्रश्न तितकाच सरळ होता. गावसभा रूढीची आहे, मान्य. नगरपरिषद कोणत्या रूढीत होती? कचरा, गटारं, पाणीपट्टी यांचा कारभार पूर्वजांनी कधी ठरवून ठेवला? कर आणि कायदा आधुनिक चालतो, मग आधुनिकतेतून वगळायची ती फक्त बाईच का? या प्रश्नाला पटेल असं उत्तर मला कुठेही वाचायला मिळालेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर १ फेब्रुवारी २०१७ ही निवडणुकीची तारीख ठरली. जमातींच्या संघटनांनी बंद पुकारला. उभ्या राहिलेल्या स्त्रियांवर अर्ज मागे घेण्यासाठी दबाव आला, जमातीबाहेर काढण्याच्या धमक्या आल्या. वाळीत टाकणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्याविरुद्ध २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. ३१ जानेवारीला दिमापुरात पोलीस गोळीबारात दोन तरुण मेले. २ फेब्रुवारीला कोहिमात जमावानं नगरपरिषदेची इमारत पेटवून दिली, इतर सरकारी कचेऱ्यांनाही आग लावली. निवडणूक रद्द झाली, मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग पायउतार झाले. रक्त थांबवा म्हणून वीस वर्षं वणवण केलेल्या स्त्रियांवर रक्तपाताचा दोष आला. या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे.

त्या मागे हटल्या नाहीत. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे निवडणूक पुन्हा जाहीर झाली, तेव्हा विधानसभेनं चक्क नगरपालिका कायदाच रद्द केला. विशेष म्हणजे त्याच महिन्यात, राज्य स्थापन झाल्यापासून ६० वर्षांत प्रथमच, दोन स्त्रिया त्या विधानसभेत निवडून आल्या होत्या: दिमापूर-३ मधून हेकानी जाखालू आणि पश्चिम अंगामी मतदारसंघातून साल्हौतुओनुओ क्रुसे. क्रुसे तर अवघ्या सात मतांनी. द्झुविचू आणि नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणारी पीयूसीएल ही संघटना न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज घेऊन पुन्हा दिल्लीत उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवा कायदा झाला आणि २६ जून २०२४ रोजी, वीस वर्षांनी, नागालँडच्या शहरांत मतदान झालं. एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या होत्या. पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांनी वेगळ्या प्रशासनाच्या मागणीसाठी बहिष्कार टाकला, त्यामुळे तिथे मतदान झालंच नाही.

नव्या कायद्यातल्या तडजोडीही सांगितल्या पाहिजेत. जमीन आणि इमारतींवरचा कर वगळला गेला. अध्यक्षपदांना आरक्षण नाही. महाराष्ट्रात १९९३ नंतर सरपंचपद, नगराध्यक्षपद राखीव झालं, २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं, आणि नवऱ्यानं चालवलेल्या कारभारापासून स्वतः सही करणाऱ्या सरपंचापर्यंतचा लांब प्रवास आपण पाहिला आहे. इथे खुर्ची प्रत्यक्ष हातात आल्यावरच बाई तयार झाली, हा आपला अनुभव नागालँडच्या विधिमंडळानं ऐकण्याजोगा आहे.

शांततेच्या वाटाघाटींचं चित्र याहून एकेरी आहे. १९९७ नंतर केंद्रानं एकामागून एक मध्यस्थ नेमले, ते सगळे पुरुष. ३ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत आराखडा करार झाला, त्यावर सह्या केल्या थुइंगालेंग मुइवा आणि केंद्राचे मध्यस्थ आर. एन. रवी यांनी. अंतिम करार अजून बाकी आहे. गावांच्या परिषदाही जवळपास सर्वत्र पुरुषांच्याच आहेत. गाव विकास मंडळांत स्त्रियांना एक चतुर्थांश वाटा १९८० पासून आहे, पण तो खर्चाच्या कामापुरता. रूढीप्रमाणे वडिलोपार्जित जमीन मुलीला मिळत नाही. नगरपरिषदेत निवडून गेलेल्या नव्या सदस्यांपैकी बहुतेकींच्या नावावर त्यांच्या आईवडिलांच्या गावी गुंठाभरही जमीन असणार नाही, आणि ते बदलण्याचा अधिकार ३७१-अ नं राज्याच्याच विधानसभेकडे ठेवला आहे.