एकच संघ, एकच पडदा

सामन्याचा दिवस असला की जव्हारच्या बाजारात चहाच्या टपरीवर उभे राहायला जागा मिळत नाही. कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर शाळकरी पोरांपासून एसटीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे माना उंचावून उभे. कोणाचा गुडघा दुखतो, कोणी दाढी राखली, सारे तोंडपाठ. यात वाईट काय? काहीच नाही. क्रिकेट आपल्यालाही आवडतेच की!

प्रश्न खेळाचा नाही, वाट्याचा आहे. ४ जुलै २०२४ रोजी विश्वचषक जिंकलेला आपला संघ मायदेशी परतला. दिल्ली विमानतळापासून मुंबईच्या मरीन ड्राइव्हपर्यंतचा त्याचा प्रवास वृत्तवाहिन्यांनी दिवसभर दाखवला. कौतुक रास्तच होते. १९ जानेवारी २०२५ रोजी खो-खोच्या पहिल्याच विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी दिल्लीत नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. सामने दिसले खरे. पण त्या विजयासाठी दिवसभराचा पडदा कोणी राखून ठेवला?

खो-खोला लागतात दोन खांब आणि थोडे मोकळे मैदान. डोंगर-दऱ्या तुडवत वाढलेल्या मोखाड्याच्या पोरांचे पाय त्यासाठीच घडलेले. पण जे पडद्यावर नाही ते मोठे नाही, असा धडा त्यांना रोज मिळतो.

धडा खेळापुरताच राहत नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा कुठे या भागाकडे राज्याचे लक्ष गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा तीच जखम उघडी केली. त्याच महिन्यात २२ तारखेला कानपूरला भारताची पाचशेवी कसोटी सुरू झाली. पडद्यावर कोणाला किती जागा मिळाली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

गंमत अशी की, पडदा कोणाचा, याचा निवाडा क्रिकेटमुळेच झाला. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून वाद पेटला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. म्हणजे त्या वावर-वांगणीच्याही झाल्या! मध्य वैतरणा धरणातले पाणी मोखाड्यातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. प्रक्षेपणलहरींचेही तसेच व्हावे का?

क्रिकेट बंद करा, असे कोणी म्हणत नाही. सामना संपल्यावर त्याच सामन्याची तासन् तास चाललेली चर्चा थोडी आवरा. त्यातला अर्धा तास दुसऱ्यांना द्या, एवढेच.

मागच्या खेपेला टपरीवर एका पोराने मला विचारले, "काका, आमचा खो-खो कधी लागतो टीव्हीवर?"

मला वेळ सांगता आली नाही.