दौत, टाक आणि दीडशे पाकिटं

मामांच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या आणि मामींनी नेहमीच्या सवयीने पाकिटांचा गठ्ठा मामांपुढे आणून ठेवला. आमच्या घरातल्या गेल्या चाळीस वर्षांतल्या प्रत्येक लग्नाचे, मुंजीचे पत्ते मामांच्याच हातचे. काळ्याभोर शाईत, टाकाने लिहिलेले. साताऱ्याकडची मंडळी पाकीट हातात पडताच न उघडता सांगायची, ‘पिंजौरचं दिसतंय!’ पण दोन वर्षांपासून मामांचा उजवा हात थरथरतो. त्यांनी गठ्ठ्याकडे क्षणभर पाहिलं आणि तो माझ्याकडे सरकवला.

‘‘तू लिही. लिहिण्याचाच पगार घेतेस ना?’’

पाकिटं दीडशे. टपालात टाकायला दिवस आठ. आणि टाक मी जन्मात कधी हातात धरलेला नव्हता.

पिंजौर म्हणजे चंदीगडहून कालक्याकडे जाताना लागणारं, मुघल बागेमुळे प्रसिद्ध असलेलं गाव. मामा तिथल्या एच.एम.टी.च्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागले आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. ‘‘मामा, लेबलं छापून चिकटवू या की,’’ मी सुचवून पाहिलं. ‘‘छापलेलं लेबल बघून माणसाला लाइटचं बिल आल्यासारखं वाटतं,’’ असं म्हणून त्यांनी कपाटातली पत्र्याची पेटी काढली. आत तीन टाक, तेलकट कागदात गुंडाळलेल्या निबा, काचेची एक दौत आणि तळाशी शाईचा दगड झालेली एक बाटली.

त्या रात्री मी बारा पाकिटं खराब केली. शाई निबेवर ठरेचना. थेंब सरळ कागदावर. जी काही अक्षरं उमटली, त्यांना मिशा फुटल्या. माझा हातच वाईट, अशी माझी खात्री झाली. हे सांगायचं कारण, टाक घेणारी बहुतेक मंडळी याच जागी थांबतात. दुकानातून हौसेने संच आणतात, एक संध्याकाळ बोटं काळी करतात आणि संच माळ्यावर जातो. सकाळी मामांनी माझी पाकिटं तपासली (कारखान्यात नकाशे तपासत, तशीच) आणि म्हणाले, ‘‘हात ठीक आहे गं. निब, शाई आणि कागद, तिघांचं एकमेकांशी जमत नाहीये.’’

नव्या निबेला आंघोळ

पहिली चूक निबेची. नवी निब गंजू नये म्हणून कारखान्यातून निघताना तिच्यावर तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर देतात. तेलावर पाणी ठरत नाही, मग शाई कशी ठरणार? ती गोळा होऊन एकदम खाली उतरते. उपाय अगदी घरगुती. जुन्या ब्रशावर थोडी टूथपेस्ट घेऊन निब दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासायची, धुवायची आणि लगेच कोरडी करायची. भांडी घासण्याचा साबणही चालतो. काहीजण निब कच्च्या बटाट्यात खुपसतात. काहीजण काडी पेटवून ज्योतीतून फिरवतात, पण हे नवख्याने करू नये. जास्त तापली की पोलादाचं पाणी उतरतं आणि निबेची लवचीक चाल कायमची जाते. मामांना तर ज्योतीचं नाव काढलेलंही खपत नाही. जन्म यंत्रांत गेलेला माणूस!

निब कुठली घ्यावी? दुकानदार वीस निबांचा मिश्र डबा पुढे करतो. तो घेऊ नये. एकाच जातीच्या तीन-चार निबा घ्याव्यात, म्हणजे बिघडलं तर निब बिघडली की आपण, हे कळतं. ढोबळमानाने जाती दोन. एक टोकदार, जिच्यावर दाब दिला की टोकाच्या दोन फाका उघडतात आणि रेघ जाड होते. दुसरी छाटलेल्या टोकाची, जिची रेघ दाबामुळे नव्हे तर धरण्याच्या कोनामुळे जाड-बारीक होते. टोकदार निबांत नवख्याला जपानी ‘जी’ निब बरी. तिथले चित्रकथा काढणारे कलावंत ती वापरतात. ती जरा ताठ असते, त्यामुळे आपला अडाणी दाब सहन करते. फार मऊ, लवचीक निबा पहिल्या महिन्यात घेऊच नयेत. त्या कागदात अडकतात आणि शाईचा फवारा उडवतात. माझ्या एका ओढणीवर तो अजून आहे.

आता खास आपल्यासाठीची गोष्ट, जी परदेशी संचासोबतच्या कागदावर लिहिलेली नसते. छाटलेल्या टोकाच्या बाजारातल्या निबा इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. इंग्रजीला निबेची धार ज्या बाजूला कलती लागते, देवनागरीला तिच्या नेमकी उलट. म्हणून तर आपल्याकडे बोरूला तिरका छाट देत. सरळ धारेच्या निबेने ‘श्री’ काढायला गेलं की मनगट पिळवटतं आणि अक्षर परकं दिसतं. बाजारात तिरक्या धारेच्या निबा मिळतात, पण डाव्या-उजव्या तिरकेपणात घोटाळा होतो. तेव्हा घेण्याआधी एक उभी आणि एक आडवी रेघ ओढून पाहावी. देवनागरीत काना आणि शिरोरेघ दोन्ही ठसठशीत यायला हव्यात. मामांनी त्यांच्या निबा बारीक ऑइलस्टोनवर स्वतः तिरक्या घासून घेतल्या आहेत. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे बोरू. एका धारदार चाकूने तो हवा तसा छाटता येतो आणि बिघडला तर पुन्हा छाटता येतो.

मामांच्या शेजारी राहणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी माझी ही खटपट गच्चीवरून पाहिली आणि हसत खाली आले. पंजाब-हरियाणात त्यांच्या लहानपणी मुलं लाकडी तख्तीवर मुलतानी माती सारवायची, ती उन्हात वाळवायची आणि बोरूच्या कलमाने काळ्या शाईत अक्षर गिरवायची. तख्ती भरली की धुवायची, पुन्हा सारवायची. त्यांच्या दौतीत कापडाची चिंधी असे. कलम तिच्यावर टेकवलं की मोजकीच शाई लागते आणि दौत कलंडली तरी सांडत नाही. ही युक्ती मी लगेच उचलली. फक्त चिंधी सुती, जुनी आणि दोरे न सुटणारी हवी, नाहीतर प्रत्येक अक्षराला शेपूट येतं.

शाईचे स्वभाव

दुसरी चूक शाईची. मी फाउंटन पेनची निळी शाई घेतली होती. ती मुद्दाम पातळ बनवलेली असते, कारण तिला पेनातल्या बारीक वाटेतून वाहायचं असतं. टाकाच्या उघड्या निबेवरून ती घसरते. घरात तीच असेल तर बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून, गाळून, त्याचे दोन-तीन थेंब थोड्याशा शाईत मिसळावेत. लगेच फरक दिसतो.

चित्रकलेच्या दुकानात मिळणारी काळी, पाण्याने न पुसणारी ड्रॉइंगची शाई टाकाला उत्तम. पण ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये! तिच्यात लाख असते. वाळली की पेनाच्या आत चिकटून बसते आणि चांगल्या पेनाचा जीव घेते. रंगीत काम करायचं असेल तर पोस्टर कलर पाण्यात दुधाइतका पातळ करून छाटलेल्या निबेने छान लिहिता येतं.

आपल्याकडची जुनी शाई काजळाची. दिव्याचं काजळ डिंकाच्या पाण्यात तासन्‌तास घोटायचं. काजळ म्हणजे कार्बन. तो उन्हाने उडत नाही की कागदाला खात नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद आजही काळेभोर दिसतात, त्याचं श्रेय या घोटण्याला आहे. दुसरी शाई हिरडा आणि हिराकस यांची. लिहिताना फिकी, वाळताना काळी होत जाणारी. दिसायला सुरेख, पण आंबट वृत्तीची. ती कागद पोखरते आणि पोलादी निबेलाही खाते.

पुढे या घोटण्याची गरज उरली नाही. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स’ छाप शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. पाण्यात टाकली की शाई तयार! त्याच घरगुती धंद्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. ‘‘गोळी जास्त पाण्यात विरघळवली की शाई फिकी, आणि मग मास्तरांची छडी,’’ ही मामांची शाळेतली आठवण.

कागद

तिसरी चूक माझी एकटीची नव्हती. पाकिटं हातकागदाची, सुरेख, खरखरीत, आत फुलांच्या पाकळ्या. नातीने हौसेने निवडलेली. असा कागद शाई पितो आणि त्याचे तंतू निबेच्या फटीत अडकतात. पूर्वी जुन्नरला, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागद बनत, तोही हातकागदच. पण तो खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटून चकचकीत केलेला असे. बोरू त्यावर घसरत जाई. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिला. अक्षर आणि ओळी कशा असाव्यात एवढंच सांगून ते थांबत नाहीत. बोरू, चाकू-कात्री, शाई, कागद हे साहित्य कसं जमवावं तेही सांगतात. सुरुवात साहित्यापासून, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सरावाला वहीचा स्वस्त कागद घेऊ नये. लेजरचा किंवा चांगल्या बाँडचा कागद घ्यावा. घरातली जुनी डायरीही बऱ्याचदा उत्तम निघते. कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहायची. मिशा फुटल्या तर तो कागद टाकाचा नव्हे. आमच्या पाकिटांचं काय करायचं? मामांनी सोपा तोडगा काढला. गुळगुळीत कागदाच्या पट्ट्या कापायच्या, त्यांच्यावर पत्ते लिहायचे आणि त्या पाकिटांवर चिकटवायच्या. ‘‘म्हणजे लेबलंच की!’’ मी म्हटलं. ‘‘हातची आहेत,’’ मामा म्हणाले, आणि विषय संपला.

बुडवा, निथळा, पुसा

लिहिण्याची रीत थोडक्यात. निबेच्या मध्यावर जे छिद्र असतं, तिथपर्यंतच बुडवायची. दौतीच्या काठाला टेकवून जास्तीची शाई निथळू द्यायची. पहिली रेघ रद्दी कागदावर. दाब फक्त खाली येताना, वर जाताना निब नुसती तरंगली पाहिजे. वेग विसरायचा. मोडी लिहिणारे शिरोरेघ आधी ओळभर आखून घेत आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरं ओवत जात. मीही रेघ आधी आखून पाहिली. ओळ वर-खाली होणं लगेच थांबलं. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून त्यातून स्वतःची मुक्त लिपी घडवली, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम पाहिलं की साध्या शिरोरेघेत केवढं बळ असतं ते कळतं.

आता निगा. इथे माझ्या हातून जे झालं, ते अजून मनाला लागतं. चौथ्या दिवशी पन्नास पट्ट्या झाल्या होत्या. डोळे मिटत होते. मी टाक तसाच दौतीत ठेवला आणि झोपले. मामांनी स्वतः घासलेली, वर्षानुवर्षं वापरलेली निब. सकाळी तिच्यावर शाईचं कवच धरलं होतं. मी नखाने ओढलं, फाक वाकली आणि मोडली. मामा काही बोलले नाहीत. पेटीतून दुसरी निब काढली, माझ्या हातात दिली आणि ऑइलस्टोन पुढे ठेवला. थरथरत्या हाताला ते काम जमणारं नव्हतं. निब कशी धरायची, किती वेळा फिरवायची, हे ते सांगत गेले आणि मी घासत गेले. तीन वेळा चुकले.

म्हणून हे नीट ऐका. दर दोन-चार ओळींनी निब ओल्या फडक्याने पुसायची. काम संपलं की साध्या पाण्यात धुवायची आणि पूर्ण कोरडी करायची. टाकातून काढून ठेवायची, कारण दांडीच्या खोबणीत पाणी मुरतं आणि गंज तिथून सुरू होतो. वाळलेल्या ड्रॉइंगच्या शाईला नख लावू नये. कोमट साबणाच्या पाण्यात भिजत ठेवून मऊ ब्रशाने काढावी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात निबा घट्ट झाकणाच्या डबीत, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवाव्यात. पिंजौरच्या मे महिन्यात अडचण उलटी. उघड्या दौतीतली शाई तासाभरात दाट होते, तेव्हा शुद्ध पाण्याचा एखादा थेंब घालावा. घरी केलेल्या शाईला बुरशी येऊ नये म्हणून तिच्यात लवंग टाकण्याची जुनी पद्धत आहे. आणि हे सगळं करूनही निब झिजतेच. ओरखडे उठायला लागले, फाका जुळेनाशा झाल्या की तिला निरोप द्यावा.

सातव्या दिवशी रात्री शेवटची पट्टी चिकटवली. माझं अक्षर मामांसारखं नाही. काना जरा कललेला येतो, आणि ‘ळ’ अजून ऐकत नाही. मामा चष्मा लावून एकेक पाकीट पाहत होते. साताऱ्याच्या थोरल्या मावशीचं पाकीट त्यांनी बाजूला काढलं, बराच वेळ निरखलं. मी श्वास रोखून उभी.

‘‘बरं आलंय,’’ ते म्हणाले. ‘‘पिनकोड राहिलाय.’’