नान्नजचा माळ: माळढोकाच्या पायाखालचं रान

सोलापुरातून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज येतं. गाव मागे पडतं आणि माळ सुरू होतो. मे महिन्यात इथे तांबूस मुरूम, वाळलेलं कुसळी गवत आणि लांबवर एखाद-दुसरी बाभूळ एवढंच नजरेला पडतं. पाहणारा म्हणतो, इथे काहीच नाही. सरकारी कागदांतही अशा जमिनीची नोंद बहुतेकदा ‘पडीक’ म्हणूनच होत आली. या शेऱ्याने माळाचं जेवढं नुकसान केलं, तेवढं दुष्काळांनीही केलेलं नाही.

नान्नजचं नाव देशभर झालं ते माळढोकामुळे. १९७० च्या दशकात सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्याकडे लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं त्याचं क्षेत्र कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं आली, बागायती शेतं आली आणि जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. शेतकऱ्यांचा रोष वाढत गेला. पुढे हे क्षेत्र कमी करून साधारण बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. काळवीट अजून दिसतात, लांडगाही आहे. माळढोक मात्र अलीकडे एखादाच दिसला तरी बातमी होते.

पक्ष्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला लिहायचं आहे ते त्याच्या पायाखालच्या रानाबद्दल. कुंड्यांत निवडुंग आणि मांसल झाडं वाढवणाऱ्या सोलापूरकराला हा माळ फार काही शिकवतो.

पहिला धडा मातीचा. आपल्या जिल्ह्याची ओळख काळ्या मातीची. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी रब्बीत याच मातीतल्या ओलीवर येते, पेरणीनंतर पाऊस फिरकला नाही तरी. पण जी ओल ज्वारीला तारते, तीच निवडुंगाचं मूळ कुजवते. माळावरचा मुरूम उलट वागतो. पाणी आलं की तो ते खाली सोडून देतो आणि दोन दिवसांत पुन्हा कोरडा होतो. रोपवाटिकेतलं महागडं मिश्रण आणण्याआधी चाळलेला मुरूम वापरून पाहावा, असं मी नव्या हौशी माणसाला आवर्जून सांगतो. सोलापुरात निवडुंग उन्हाने जातात त्याहून जास्त सप्टेंबरच्या पावसाने जातात, कारण आपला मोठा पाऊस बरेचदा तेव्हाच येतो.

दुसरा धडा रात्रीचा. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेने त्यांचं पाणी उडून जातं. निवडुंगासारखी झाडं दिवसभर ही छिद्रं बंद ठेवतात. ती रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवस उगवल्यावर त्याच साठ्यातून अन्न तयार होतं. याचा सुगावा आपल्याच देशात लागला होता. बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पानं चावून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दिवस चढेल तसा आंबटपणा गेला. १८१३ मध्ये त्याने हे पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं. आम्हा सोलापूरकरांसाठी यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये इथली रात्रही तापलेली असते, त्यामुळे ही झाडं वाढ थांबवून गप्प बसतात. तहानली असतील म्हणून अशा वेळी भरपूर पाणी घातलं की झाड हातचं जातं.

जिल्ह्यातलं सर्वांत ओळखीचं मांसल झाड तर आपण जेवणात खातो. घोळ. पावसाळ्यात शेताच्या बांधावर पसरणारी, लालसर देठांची, जाड पानांची ही भाजी डाळ घालून केली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. पाणी असेल तेव्हा ती मका-ज्वारीच्या पद्धतीने अन्न तयार करते आणि ताण पडला की निवडुंगाच्या पद्धतीचाही आधार घेते. दोन्ही पद्धती एकाच झाडात असणं फार दुर्मीळ आहे आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्यासाठीच घोळीचा अभ्यास करतात.

आणि माकडशिंग. सोलापूर, धाराशिव आणि पुढे मराठवाड्याच्या कोरड्या टेकड्यांवर, दगडांच्या आडोशाला किंवा काटेरी झुडपाच्या बुंध्याशी हे उगवतं. बोटाएवढ्या जाडीच्या चौकोनी हिरव्या कांड्या, पानं जवळजवळ नाहीतच. पावसाळ्याच्या अखेरीस टोकाकडे जांभळट काळी, झालरीची फुलं लोंबतात. त्यांच्यावर माश्या येतात आणि परागीकरण त्याच करतात. गुराखी, मेंढके या कांड्या मिठाबरोबर कच्च्या खातात. भूक मरते, तहानही भागते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आज याच वनस्पतीचा अर्क वजन कमी करण्याच्या गोळ्यांमधून जगभर विकला जातो. ज्यांच्या अनुभवातून ही माहिती आली, त्या मेंढक्यांचा उल्लेख डबीवर कुठे नसतो.

आपण सरसकट ज्याला निवडुंग म्हणतो, त्यातला फड्या निवडुंग मात्र मूळचा इथला नाही. खरे कॅक्टस अमेरिका खंडातले. आपल्या कुंपणांवरचा त्रिधारी निवडुंग आणि शेर ही चिकाची झाडं वेगळ्याच कुळातली. फड्या इथे आला आणि दख्खनभर माजला. पुण्यात नाना पेठेतला विठोबा ‘निवडुंग्या’ झाला तो अशाच रानात मूर्ती सापडली म्हणून. पंढरपूरला निघालेली तुकोबांची पालखी पुण्यात त्याच देवळात मुक्कामाला असते. १७९५ मध्ये लाल रंगाच्या व्यापारासाठी ब्राझीलमधून कोचिनीलचा किडा भारतात आणला गेला. आला तो चुकीच्या जातीचा. रंग काही मिळाला नाही, पण निवडुंगाची एक जात त्याने फस्त केली. १९२६ मध्ये श्रीलंकेतून या किड्याची दुसरी जात आली आणि तिने दक्षिण भारतातली फड्याची रानंच्या रानं काही वर्षांत संपवली. किड्याने तण आवरण्याचं जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण म्हणून ही गोष्ट आजही शिकवली जाते. दुष्काळात काटे जाळून फड्या जनावरांना घातल्याच्या आठवणी मात्र गावोगाव आहेत, आणि आता बिनकाट्याचा निवडुंग चारा म्हणून लावला जातो आहे, हे मला फार योग्य वाटतं.

या झाडांच्या हौशी मंडळींनी संघटना बांधल्या त्या बहुतेक थंड किंवा दूरच्या देशांत. जर्मनीतली संस्था १८९२ ची, अमेरिकेतली १९२९ ची. आपल्याकडे पंचकुल्याचं राष्ट्रीय निवडुंग उद्यान १९८७ मध्ये डॉ. जे. एस. सरकारिया यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. अशा हौशी हातांचं मोल शिवनेरीच्या शिंदळ माकुडी या मांसल झाडावरून कळतं. १८६४ मध्ये डाल्झेल यांनी तिचं वर्णन केलं आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून ‘फ्रेरिया इंडिका’ असं नाव दिलं. सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवरच ती उरली म्हणून १९८० च्या दशकात जगातल्या सर्वाधिक संकटातल्या बारा वनस्पतींत तिची गणना झाली. आणि गंमत अशी की फांदी खोचली तरी ती सहज जगते, त्यामुळे परदेशांतल्या कुंड्यांमध्ये ती पुष्कळ आहे. कुंडीने जात वाचते. पण तिच्यावर येणारी माशी, तिला सावली देणारं झुडूप आणि तिचा कडा कुंडीत येत नाही.

म्हणून नान्नजसारखा माळ माळ म्हणूनच राहायला हवा. पडीक म्हणून इथे गिरिपुष्प, सुबाभूळ लावली गेली तेव्हा हेतू चांगला होता, पण सावली आली की गवत मरतं आणि गवताबरोबर बुटकी मांसल झाडंही जातात. वृक्षारोपणाचा खड्डा माळावर खणण्याआधी तिथे आधीच काय वाढतं आहे ते पावसाळ्यात एकदा पाहून यावं, एवढी मागणी प्रत्येक गावाने केली पाहिजे. हौशी मंडळींनीही माकडशिंग मुळासकट उपटून आणू नये. शिंगांच्या जोडीसारख्या शेंगा तडकल्या की रेशमी केसांचं बी मिळतं आणि ते मुरमात रुजतं.

अजून या जिल्ह्याची मोजणी संपलेली नाही. २०१४ मध्ये सोलापूरच्याच अभ्यासकांनी सुदर्शनाच्या कुळातली एक नवी कंदवर्गीय जात जगापुढे मांडली, ‘क्रायनम सोलापुरेन्स’. तिच्या शास्त्रीय नावात आपलं शहर आहे. नान्नजला जायचं तर पावसाळ्याच्या शेवटी जावं, गवताला तुरे आलेले असतात तेव्हा. वनखात्याची परवानगी घ्यावी, गाडी रस्त्यावर ठेवावी आणि दुर्बीण गळ्यात असली तरी थोडा वेळ गुडघ्यावर बसून जमीन पाहावी.