जुना माऊस आणि लिनक्स

१९६४ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी लाकडी आवरणाचे एक लहानसे उपकरण तयार केले. ते मेजावर सरकविले की पडद्यावरील खूण त्याप्रमाणे सरकत असे. दि. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. हेच उपकरण पुढे ‘माऊस’ या नावाने सर्वत्र परिचित झाले.

फिनलंडमधील लिनस टॉरवॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीचा आरंभ केला. अनेक शाळांच्या कपाटांत जुने संगणक धूळ खात पडलेले असतात. त्यांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसविता येते. परंतु पुष्कळदा असे घडते, की पडद्यावर चित्रे उमटतात, कळफलक चालतो, आणि माऊस मात्र निश्चल राहतो. मग ‘माऊस बिघडला’ असे म्हणून तो, आणि कधी कधी संपूर्ण संगणकही, टाकून दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळी माऊस सुस्थितीतच असतो. त्याची भाषा मात्र संगणकास कोणी सांगितलेली नसते.

जुन्या माऊसच्या पोटात रबराचे आवरण असलेली एक गोळी असते. ती फिरली की तिला टेकलेले दोन रूळ फिरतात, एक आडव्या गतीसाठी व दुसरा उभ्या गतीसाठी. रुळांच्या टोकांस खाचा पाडलेल्या चकत्या असतात. त्या खाचांतून अवरक्त किरण आळीपाळीने पार होतात व अडविले जातात. या स्पंदांची मोजणी करून माऊस किती व कोणत्या दिशेस सरकला हे ठरते. रुळांवर मळ साचल्यास खूण अडखळते. अशा वेळी खालची तबकडी फिरवून गोळी काढावी आणि रूळ स्वच्छ करावेत.

ही मोजणी संगणकाकडे पाठविण्याचे मार्ग मात्र भिन्न आहेत. तारेच्या टोकास नऊ छिद्रांची, दोन स्क्रूंनी घट्ट बसणारी जोडणी असेल, तर तो सिरियल माऊस होय. गोल व सहा टाचण्यांची जोडणी असेल, तर तो पीएस/२ प्रकारचा असतो. ही पद्धत आयबीएमने १९८७ मध्ये प्रचारात आणली. गोल जोडणी संगणक बंद असतानाच लावावी. ज्या संगणकांवर रंगाच्या खुणा असतात, त्यांत हिरवे छिद्र माऊसचे व जांभळे कळफलकाचे असते. पीएस/२ माऊस लिनक्स बहुधा आपण होऊन ओळखते. खरी अडचण येते ती सिरियल माऊसची.

सिरियल द्वारास मोडेम, मापनयंत्र किंवा मुद्रक असे काहीही जोडलेले असू शकते. तेथे माऊसच आहे असे गृहीत धरून संदेश पाठविणे धोक्याचे ठरेल. म्हणून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः होऊन तेथे माऊस शोधत नाही. शिवाय या माऊसला स्वतंत्र वीजपुरवठा नसतो. द्वारातील संकेतवाहक तारांवरील अल्प विजेवरच तो चालतो. आज्ञावलीने ते संकेत उंचावले नाहीत, तर माऊस निद्रिस्तच राहतो. वीज मिळताच मायक्रोसॉफ्ट पद्धतीचा माऊस ‘एम’ हे अक्षर पाठवून आपली ओळख देतो. त्यानंतर सेकंदास १२०० बिट या वेगाने तो तीन-तीन अक्षरांचे गट पाठवितो. त्यांत कळांची स्थिती व दोन्ही दिशांची गती अंतर्भूत असते. माऊस सिस्टिम्स पद्धतीत हाच गट पाच अक्षरांचा असतो. चुकीची पद्धत निवडली की खूण कोपऱ्यांत उड्या मारते, किंवा कळ न दाबताही दाबल्यासारखा परिणाम होतो.

उपाय क्रमाने करावा. लिनक्स बसविताना कळफलकाचाच उपयोग करावा. टॅब, बाण व एंटर या कळांनी बहुतेक निवड करता येते. संगणकाच्या आरंभीच्या मांडणीत सिरियल द्वार बंद केलेले नाही ना, हे पाहावे. लिनक्समध्ये पहिल्या द्वाराचे नाव ‘टीटीवायएस०’ व दुसऱ्याचे ‘टीटीवायएस१’ असे असते. त्यानंतर ‘इनपुटअटॅच’ ही छोटी आज्ञावली बसवून, प्रशासकाच्या अधिकाराने, तिला माऊसची पद्धत व द्वाराचे नाव सांगावे. प्रथम मायक्रोसॉफ्ट पद्धत योजावी. खूण भरकटल्यास माऊस सिस्टिम्स योजून पाहावी. काही माऊसच्या तळाशी या दोन पद्धतींत निवड करणारी लहान खटकी असते, तीही तपासावी. ही आज्ञावली द्वार कर्नलकडे सोपविते, आणि ‘सरमाऊस’ हा कर्नलचा भाग येणाऱ्या गटांचा अर्थ लावतो. खूण नीट सरकू लागली, की संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कार्यांत ही आज्ञा समाविष्ट करावी. अन्यथा दर वेळी ती नव्याने द्यावी लागेल.

१९९६ मध्ये आलेल्या यूएसबी पद्धतीत उपकरण जोडताच आपली ओळख स्वतः सांगते, म्हणून ही खटपट आज सहसा करावी लागत नाही. परंतु ज्या शाळेत नवे साहित्य घेण्यास पैसा नाही, तेथे तासाभराच्या या खटपटीने एक संगणक पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती येतो. शिवाय दोन यंत्रांनी परस्परांशी बोलावयाचे असेल, तर वेग, गटांची रचना व विजेची सोय ही आधी ठरलेली असावी लागतात, हे तत्त्वही विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष पाहावयास मिळते.