रानातून जाणारी वाट आणि मोटारसायकलींचा तांडा

आपल्या देशात 'राष्ट्रीय उद्यानांतून मोटारसायकलीने प्रवास' म्हणजे नेमके काय, हे प्रथम स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल. 'उद्यान' या शब्दाने मराठी वाचकाची थोडी फसगतच होते. उद्यान म्हटले की आखीव पायवाटा, बाके आणि फुलांचे वाफे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यान हे असे क्षेत्र मानले आहे की जेथे माणसाला मुळात परवानगीवाचून प्रवेशच नाही. या नियमाला कायद्यानेच काही अपवाद ठेवले असून त्यांतील एक आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे : सार्वजनिक महामार्गावरून पलीकडे जाणाऱ्या प्रवाशाला वेगळ्या परवान्याची गरज नसते. म्हणजेच मोटारसायकलस्वाराचा हक्क त्या डांबरी पट्ट्यापुरता आहे आणि तोही पलीकडे जाण्यापुरताच. रस्त्याच्या कडेच्या गवतात उतरण्याचा किंवा एखाद्या कच्च्या वाटेने आत शिरण्याचा हक्क त्यात येत नाही. जंगल पाहावयाचे असेल तर मोटारसायकल बाहेर उभी करून वनखात्याच्या गाडीतून जावे लागते. एवढे ध्यानात घेतले म्हणजे अशा प्रवासाच्या आखणीतील पुष्कळसे प्रश्न आपोआप सुटतात.

दक्षिणेतील एक मार्ग उदाहरणादाखल घेऊ. म्हैसूरहून निघून गुंडलुपेटवरून बंडीपूर, तेथून मुदुमलाई, मग निलगिरीचा चढ चढून उटकमंड, पलीकडे उतरून कोइमतूर व उदुमलपेट आणि अखेर चिन्नारच्या अभयारण्यातून मुन्नार, असा हा मार्ग कर्नाटक, तमिळनाडू आणि केरळ या तीन राज्यांतून जातो. मोटारसायकलीच्या संदर्भात म्हैसूर हे आरंभस्थान औचित्याचेही आहे. १९६१ पासून या शहरात जावा आणि पुढे येझ्दी ही वाहने तयार होत असत. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. त्याआधी १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली होती. आपल्याकडील लांब पल्ल्याच्या स्वारांच्या कित्येक पिढ्या या दोन शहरांतील यंत्रांवर वाढल्या.

या मार्गाचा पूर्वार्ध निलगिरी जीवावरण राखीव क्षेत्रातून जातो. १९८६ मध्ये घोषित झालेले हे देशातील अशा प्रकारचे पहिले क्षेत्र असून त्याचा विस्तार ५,५२० चौरस किलोमीटर आहे. बंडीपूर हे १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. मुदुमलाईचे अभयारण्य १९४० मधले, तर त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला २००७ मध्ये. दोहोंच्या मधून मोयार नदी वाहते व तीच राज्यांची सीमा आहे. हत्तींना अर्थातच ही सीमा ठाऊक नाही. उन्हाळ्यात पाण्यासाठी आणि पावसानंतर कोवळ्या गवतासाठी त्यांचे कळप इकडून तिकडे फिरत असतात आणि त्यांच्या या वहिवाटीच्या मार्गांना आपला महामार्ग आडवा जातो.

रात्रीच्या वाहतूकबंदीचा प्रश्न येथूनच उद्भवला. भरधाव वाहनांखाली चितळ, सांबर, प्रसंगी बिबळे आणि हत्तीसुद्धा मरू लागले, तेव्हा २००९ मध्ये चामराजनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी बंडीपूरमधील महामार्गांवर रात्री ९ ते सकाळी ६ या वेळात वाहतूक बंद करण्याचा आदेश काढला. दबावामुळे तो मागे घेण्यात आला. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही बंदी कायम केली. रुग्णवाहिका आणि मोजक्या प्रवासी बसगाड्या तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. केरळातील वायनाडच्या लोकांना ही बंदी जाचक वाटते. त्यांचा भाजीपाला आणि मालवाहतूक याच रस्त्यावर अवलंबून आहे, आणि २०१९ मध्ये सुलतान बत्तेरी येथे यासाठी मोठे आंदोलन झाले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु हौसेखातर निघालेल्या स्वाराला वायनाडच्या शेतकऱ्याची अडचण पुढे करून रात्री नाका ओलांडण्याची सवलत मागता येणार नाही, हेही तितकेच खरे.

स्वारांच्या तांड्याने खरे तर या बंदीच्याही पुढे जाऊन आपली वेळ बांधून घ्यावी. पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा संधिप्रकाश ही जनावरांच्या हालचालीची वेळ असते. म्हणून सकाळी ८ नंतर रानात शिरावे आणि दुपारी ४ च्या आत बाहेर पडावे. म्हैसूर ते गुंडलुपेट सुमारे ६० किलोमीटर आहे. सकाळी साडेसहाला निघालेला तांडा न्याहारी करून आठ-साडेआठला रानाच्या तोंडाशी येतो. गुंडलुपेटला पेट्रोल भरावे, चाकांतील हवा तपासावी, साखळी पाहावी, सामानाचे पट्टे आवळावेत. पुढच्या वनपट्ट्यात थांबण्यास मनाई असल्यामुळे येथे टाळलेले काम तेथे करता येत नाही. पेट्रोलचा हिशेब सर्वांत लहान टाकीच्या गाडीवरून करावा. १३ लिटरच्या टाकीची गाडी लिटरला ३५ किलोमीटर देत असेल तर ती कागदोपत्री ४५० किलोमीटर जाईल. पण घाटात आणि दोन माणसांच्या ओझ्याखाली ३०० वरच तिची मर्यादा मानावी.

वेगाचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे, कारण नेमक्या याच बाबतीत अनुभवी स्वारही स्वतःवर अवास्तव भरवसा ठेवतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. समोर जनावर दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर १७ मीटर नुसते पाहण्यातच गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी सुमारे २४ मीटर लागतात. म्हणजे एकूण ४० मीटर. हाच वेग ताशी ४० असेल तर हे अंतर २२ मीटरांच्या आसपास येते. रस्त्याच्या कडेला घाणेरीची झुडपे माजलेली असतील तर चितळ रस्त्यावर येईपर्यंत दिसतच नाही; २५ मीटरांवर दिसले तरी नशीब म्हणावे. ४० च्या वेगाने जाणारा स्वार येथे वाचतो आणि चितळही वाचते. ६० ने जाणारा दोघांपैकी कोणाचीच हमी देऊ शकत नाही. चितळ एकटे नसते हेही लक्षात ठेवावे. एक रस्ता ओलांडून गेले की मागून आणखी चार येण्याचा संभव असतो.

आता तांड्यासंबंधी. आठ जणांचा तांडा हा एका स्वाराच्या आठपट नसतो, त्याचे स्वतःचे काही नियम असतात. पुढचा स्वार वळणातून बाहेर पडून वेग वाढवितो तेव्हा शेवटचा अजून वळणाच्या आधीच असतो. मधले अंतर वाढते, ते भरून काढण्यासाठी मागचे अधिकाधिक वेग घेतात आणि परिणामी म्होरक्या ५० ने जात असता शेवटचा मधूनमधून ७० ने धावत असतो. यावर उपाय दोन. सर्वांत नवखा किंवा मंद स्वार म्होरक्याच्या लगेच मागे ठेवावा, म्हणजे त्याच्या चालीने सगळा तांडा चालतो. आणि सर्वांत कसलेला, दुरुस्ती जाणणारा स्वार अगदी शेवटी असावा. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, दुसरा उजवीकडे अशी तिरपी रांग धरावी. घाटात आणि रानात मात्र एकामागे एकच. एकेरी रांगेत दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर ठेवले तर ताशी ६० च्या वेगाला आठ गाड्यांची रांग सव्वादोनशे मीटरांहून लांब होते. एवढी रांग ओलांडणे मागून येणाऱ्या बसला जमत नाही. म्हणून सहा-सातांहून अधिक मंडळी असतील तर दोन तुकड्या करून त्यांत दहा मिनिटांचे अंतर ठेवणे श्रेयस्कर. प्रत्येकाने आपल्या मागच्या स्वाराची जबाबदारी घ्यावी. तो आरशात दिसेनासा झाला तर पुढच्या फाट्यावर थांबून त्याची वाट पाहावी.

हत्ती समोर आला म्हणजे तांड्याचा दुबळेपणा उघड होतो. मोटारीतल्या माणसाभोवती निदान पत्र्याचे कवच असते. मोटारसायकलस्वाराजवळ अंतराखेरीज दुसरे संरक्षण नाही, आणि पुढच्याला हत्ती दिसला तरी मागच्या सहा जणांना तो दिसत नाही. ते पुढे सरकत राहतात, गाड्या एकमेकींना चिकटतात आणि मागे वळायला जागा उरत नाही. यासाठी निघण्यापूर्वीच खूण ठरवून ठेवावी. म्होरक्याने हात उंच धरला की प्रत्येकाने जेथे असेल तेथेच थांबावे, पुढच्याला गाठू नये. हत्ती निदान शंभर मीटर दूर असताना थांबावे. भोंगा वाजवू नये, दिव्यांची उघडझाप करू नये, छायाचित्रासाठी गाडीवरून उतरू नये. इंजिन मंद चालू ठेवावे, म्हणजे वळण्याची वेळ आल्यास ते सुरू करण्याची धांदल होत नाही. पिल्लू रस्त्याच्या एका बाजूस आणि आई दुसऱ्या बाजूस असेल तर मधून जाण्याचा विचारही करू नये. आपल्याकडे जुन्या मंडळींनी या वाहनाला 'फटफटी' असे त्याच्या आवाजावरून नाव दिले. त्या आवाजाची हौस असणारे मूळचा सायलेन्सर काढून दुसरा बसवितात. अशी गाडी या प्रवासात घेऊ नये, असे स्पष्टच सांगितलेले बरे.

एखादी गाडी रानातच बंद पडली तर काय करावे? दोघांनी तिच्याजवळ रस्त्यावरच थांबावे, बाकीच्यांनी पुढे जाऊन पहिल्या नाक्यावर वनरक्षकांना कळवावे. झाडीत जाऊ नये, सावलीसाठीसुद्धा नाही.

मुदुमलाईतील तेप्पक्काडूपाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक मसिनगुडीवरून कल्लट्टीचा घाट चढतो. हा जवळचा आहे, पण त्यात ३६ आकडी वळणे आणि अतिशय उभा चढ आहे. उतरताना ब्रेक तापून निकामी झाल्याने येथे इतके अपघात झाले की बाहेरच्या वाहनांना हा घाट उतरण्यास मनाई करण्यात आली. चढावयाचा असेल तर त्या दिवशीचा नियम मसिनगुडीस विचारून घ्यावा. दुसरा फाटा गुडलूरवरून जातो. तो लांबचा असला तरी तांड्याने तोच घ्यावा हे बरे. म्हैसूर सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे, उटकमंड २,२४० मीटरांवर. दर हजार मीटरांना तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे सकाळी घातलेला सदरा दुपारी अपुरा पडतो. जानेवारीच्या रात्री तेथे दहिवरही पडते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या या उंचीवर जराशा गुदमरतात. २०२० नंतरच्या इंधन-अंतःक्षेपण असलेल्या गाड्यांना हा त्रास नाही. २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार निलगिरी जिल्ह्यात येणाऱ्या बाहेरच्या वाहनांसाठी ई-पासची पद्धत सुरू झाली. तो घरूनच काढून ठेवावा आणि त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत.

उतारावर, कुन्नूरकडून असो वा कोटगिरीकडून, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे हा चालकांचा जुना दंडक आजही खरा आहे. इंजिन वेगाला आवरते, ब्रेक थंड राहतात आणि गरजेच्या वेळी उपयोगी पडतात. गाडी बंद करून घरंगळत उतरणे ही पेट्रोलची बचत नव्हे.

ऋतूची निवड सोपी नाही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुन्नार आणि गुडलूरच्या बाजूला झोडपतो. ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडूच्या बाजूला येतो. फेब्रुवारीपासून रान वाळते आणि वणव्यांची भीती सुरू होते. २०१९ च्या फेब्रुवारीत बंडीपूरचा मोठा भाग जळाला होता. त्यातच मुन्नारजवळचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान निलगिरी ताहर या रानशेळीच्या विणीसाठी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असते. हे सारे जुळवून पाहता डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी एवढाच काळ निर्वेध उरतो, आणि त्यातही नाताळच्या सुटीत उटकमंडला राहण्याची जागा मिळणे कठीण. जानेवारीचा दुसरा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो.

दिवसाचा पल्ला २०० किलोमीटरांवर नेऊ नये. एकटा स्वार चहासाठी दहा मिनिटे थांबतो, त्याच थांब्याला आठ जणांना पंचवीस मिनिटे लागतात. कोणाचा हातमोजा हरवतो, कोणाला दूरध्वनी करावयाचा असतो. या हिशेबाने उदुमलपेटचा मुक्काम अटळ ठरतो. तेथून मुन्नार ८५ किलोमीटरांच्या आसपास आहे, पण मधले चिन्नार हे पुन्हा हत्तींचे रान आहे आणि तेही दिवसाउजेडी पार करावयाचे आहे. चिन्नार पर्जन्यछायेत असल्याने तेथे काटेरी झुडपे आणि निवडुंग दिसतात. पुढे मरयूरची चंदनाची झाडे लागतात, आणि तासाभरात चहाचे हिरवे मळे. इतक्या थोड्या अंतरात भूमीचे रूप असे पालटताना फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते.

एरविकुलमच्या दाराशी मोटारसायकली उभ्या करून तिकीट काढावे लागते आणि वनखात्याच्या बसने राजमलापर्यंत जाता येते. अवघ्या ९७ चौरस किलोमीटरांच्या या उद्यानात दक्षिण भारतातील सर्वांत उंच शिखर, २,६९५ मीटरांचे आनमुडी, उभे आहे. ताहर येथे माणसाला फारसे बुजत नाहीत. रस्त्याच्या कडेच्या खडकावर उभे राहून ते शांतपणे चरत असतात. बारा वर्षांनी एकदा फुलणारी नीलकुरिंजी येथे २०१८ मध्ये फुलली होती; पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. तो पाहावयाचा असेल तर मात्र जानेवारी सोडून ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसातच निघावे लागेल. तेव्हा रेनकोट, कोरड्या कपड्यांची दुसरी पिशवी आणि दिवसाचा निम्मा पल्ला धरून आखणी नव्याने करावी.